पिकअपच्या पाठीवर घर बांधण्याआधी

शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यात पिकअपशिवाय पान हलत नाही. भेंडी, काकडी, भाताची पोती, दुधाचे कॅन, लग्नाच्या मांडवाचं सामान, सगळं याच गाडीच्या हौद्यातून जातं. दहा-बारा वर्षं अशी राबलेली गाडी मालक विकायला काढतो, तेव्हा तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहणारेही काही असतात. हौद्यावर एक छोटं घर बसवावं, आत झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी असावी आणि माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या माथ्यावर मुक्काम टाकावा, असा बेत त्यांच्या डोक्यात असतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण तयार कॅराव्हॅनची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते, म्हणून नजर जुन्या डिझेल पिकअपवर जाते.

फिरतं घर आपल्याकडे नवं नाही. माळशेज चढून ओतूरवरून पुढे गेलं की नारायणगाव लागतं. तिथल्या तमाशा फडांची माणसं दसऱ्यानंतर जी बाहेर पडतात, ती थेट उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत ट्रक आणि बसच्या आधारानंच संसार करतात. घिसाडी कुटुंबांनी तर पिढ्यान् पिढ्या बैलगाडीवर बिऱ्हाड वाहिलं. या लोकांना एक गोष्ट अनुभवानं पक्की ठाऊक असते, ती म्हणजे गाडीवर चढवलेली प्रत्येक वस्तू चढावर ओढावी लागते आणि उतारावर थोपवावी लागते. घरगुती कॅम्परचं, म्हणजे हौद्यावरच्या अशा घराचं, सगळं विज्ञान याच एका वाक्यात आहे.

नवखा माणूस मात्र आधी इंजिनाची चिंता करतो. खरं तर जुन्या डिझेल गाडीत तीच सगळ्यात कमी काळजीची बाजू. तिचं तंत्र जुनं आणि साधं आहे. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. कल्पना साधी होती. हवा वीसेक पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. मग तिच्यात इंधनाचा फवारा मारला की ठिणगीशिवाय जाळ होतो. जुन्या पिकअपमध्ये हा फवारा मारण्याचं काम यांत्रिक पंप आणि नोझल करतात, मध्ये संगणक नसतो. मुरबाडच्या गॅरेजमधला मिस्त्री आवाज ऐकून पंपाचं दुखणं सांगू शकतो. टाटांची ‘टाटामोबाइल’ १९८८ मध्ये आली, महिंद्राच्या पिकअपमध्ये पुढे कित्येक वर्षं २,५२३ घनसेंटिमीटरचं इंजिन होतं. ही इंजिनं वेगासाठी नव्हेत, ओझ्यासाठी बनलेली आहेत.

काळजी करायची ती चासीची. गाडी घेण्याआधी हातोडी घेऊन खाली शिरा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) खुंट जिथे चासीला जोडलेले असतात, हौद्याचे आडवे दांडे जिथे टेकतात आणि जिथे चिखल साचून राहतो, त्या जागी हलके ठोके मारा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं. गंजानं आतून पोखरलं असेल तर आवाज मेलेला येतो, पापुद्रे गळतात. भाजीच्या गाडीत ओल कायम असते आणि मासळी, मीठ, खत वाहिलेली गाडी तर आतून लवकर खाल्ली जाते. रंगरंगोटी नवी आणि चासीवर ताजा काळा डांबरी थर दिसला तर जास्तच बारकाईनं बघा. गंजलेल्या चासीवर घर बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. वेल्डिंगचे तुकडे जोडून ती वाचवताही येत नाही.

आता वजन. आरसी बुकावर गाडीचं मोकळं वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुमचं भांडवल, आणि ते कागदावर दिसतं तेवढं हाती लागत नाही. कारण भाजीचं ओझं संध्याकाळी उतरतं, घराचं ओझं कधीच उतरत नाही. पाटे चोवीस तास वाकलेले राहतात, प्रत्येक खड्ड्यात तेच पोलाद पुन्हा पुन्हा ताणलं जातं आणि थकून तडकतं. म्हणून मिळणाऱ्या क्षमतेच्या अर्ध्यावर थांबावं.

हिशेब करून बघू. हौद्यावर अडीच मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच खोकं धरलं तर भिंती आणि छप्पर मिळून साधारण १६ चौरस मीटर होतात. बाहेरून एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर सव्वाशे किलो, त्याच जाडीचा ॲल्युमिनियम लावला तर ४४ किलोच्या आसपास. आतल्या बाजूला घराच्या फर्निचरची सवय असलेला सुतार हमखास १९ एमएम प्लाय सुचवतो. त्याचे जवळजवळ १९० किलो होतात, तर ६ एमएममध्ये काम ६० किलोत भागतं. म्हणजे नुसत्या सवयीपोटी दोनशे किलो जादा चढतात. त्यावर ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, आणि शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तीसेक किलोची. ॲल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकेल तिथे मध्ये रबर किंवा रंगाचा थर हवा, नाहीतर पावसाळ्यात दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम भुगा होत जातं.

नुसतं किती वजन हे पुरत नाही, किती उंचावर आहे तेही पाहावं लागतं. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.८ मीटरवर आहे असं समजा. अशी गाडी कलंडवायला, नुसत्या भूमितीनं, तिच्या वजनाच्या ८७ टक्के इतका आडवा जोर लागतो. छपरावर वरचा बिछाना, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल चढवून गुरुत्वमध्य १.१ मीटरवर नेला की ६४ टक्के जोर पुरतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबून गाडी झुकते, त्यामुळे मर्यादा याहून आधीच येते. आता माळशेजचं २५ मीटर त्रिज्येचं एखादं वळण घ्या. ताशी ३० किलोमीटरला आडवा जोर वजनाच्या २८ टक्के असतो, ताशी ४० ला तो ५० टक्क्यांवर जातो. वेग एक तृतीयांशानं वाढला, जोर पावणेदोन पटींहून जास्त झाला. म्हणून पाणी, बॅटरी, शेगडीचा सिलिंडर सगळं तळाशी आणि मागच्या आसाच्या पुढे. आसामागे जड सामान ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

उतरताना याच वजनाचा हिशेब ब्रेकना चुकता करावा लागतो. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी सुमारे तीनशे मीटर खाली येते. अडीच टनांची गाडी असेल तर तेवढ्या उतारात मुक्त होणारी ऊर्जा वीस-बावीस लिटर पाणी उकळायला पुरेशी आहे, आणि ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक पाय दाबला तरी धरत नाहीत. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे त्याचा नैसर्गिक अटकाव तसा कमीच असतो. म्हणूनच ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतं.

घर गाडीला जोडायचं कसं, हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग, आणि बहुतेक घरगुती कॅम्पर इथेच फसतात. एखादी पिकअप शेताचा बांध तिरकी ओलांडताना मागून पाहा. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये एक उभी फट असते. पुढचं डावं चाक बांधावर चढलं की ती फट सरळ राहत नाही, केबिन एकीकडे कलते, हौदा दुसरीकडे. ही गाडीतली खोट नव्हे. चासी मुद्दाम पिळवटू दिलेली असते, त्यामुळेच चारही चाकं जमीन धरून राहतात. उलट भिंती, छप्पर आणि तळ एकमेकांना जोडलेलं बंद खोकं पिळायला फार ताठ असतं. हे ताठ खोकं पिळवटणाऱ्या चासीला चारही कोपऱ्यांत घट्ट आवळलं की सगळा पीळ खिडकी-दाराच्या कोपऱ्यांवर येतो, तिथे तडा जातो आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. उपाय तीन बिंदूंचा आहे. मागे दोन ठिकाणी पक्कं, पुढे मध्यावर एकच फिरतं टेकण. तीन पायांचं स्टूल कितीही खडबडीत जमिनीवर डगमगत नाही, त्यातलाच हा प्रकार. छोटं, हलकं खोकं असेल तर ते हौद्यातच जाड रबराच्या पट्ट्यांवर ठेवून चार बाजूंनी ताणखिळ्यांनी (टर्नबकलनी) बांधणंही चालतं. चासीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. वेल्डिंगच्या आचेनं शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. बाकी कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा, नाहीतर अल्टरनेटरमधले डायोड जातात.

शहापूरचा एप्रिल काढायचा असेल तर छपराचा विचार करावाच लागतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे चार चौरस मीटरच्या छपरावर चार किलोवॅट. रंग पांढरा ठेवला की त्यातलं बरंच परत जातं. मासळीवाल्यांच्या खोक्याचा असतो त्या जातीचा, पण दाट थर्माकोल २५ मिलिमीटर जाडीत आतून लावला तर उघड्या पत्र्यातून येणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्शावर येते. थर्माकोल भडकन पेटतो, तो उघडा ठेवू नये.

हिवाळ्यात दुसरीच अडचण. झोपलेला माणूस श्वास आणि कातडीवाटे तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघांच्या एका रात्रीत पाऊण लिटरच्या आसपास पाणी त्या खोक्यात जमतं आणि थंड पत्र्यावर दव होऊन थेंबाथेंबानं गळतं. आत स्वयंपाक केला तर आणखी भर, कारण एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. झरोका हवाच, एक खाली, एक वर. खालचा झरोका गॅससाठीही लागतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. आणि पंख्यासाठी इंजिन चालू ठेवून झोपणं हा जिवाशी खेळ आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्याला वास नसतो, जागही येत नाही. २५-३० वॉटचा डीसी पंखा रात्रभर चालायला अडीचशे वॉट-तास वीज लागते. शंभर वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात ती सहज देतं, आषाढात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

कायद्याचा भाग छोटा, पण टाळता येण्यासारखा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात चालत्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत, आणि आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करून घ्यावा लागतो. तेव्हा पत्रा कापण्याआधी आराखडा आणि वजनांचा तक्ता घेऊन आरटीओत जा. खोकं सुटं, उतरवता येण्याजोगं ठेवलं तर गाडी भाजीच्या हंगामात पुन्हा भाजी वाहू शकते, हा फायदा आहेच.

सांडपाण्याची टाकीही विसरू नका. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी तिच्यातच जायला हवं. म्हणून वजनाच्या तक्त्यात पाण्याचे ६० किलो कायम धरावेत, ते पाणी कमी होत नाही, एका टाकीतून दुसरीत जातं. तानसाचं पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि जलाशयाभोवतीचं जंगल अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. गाडी घेऊन याल तेव्हा तळ्याच्या काठाला उभी करू नका. आसपासच्या गावात एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यात लावा, आणि टाकी आपल्या घरी परतल्यावरच रिकामी करा.