मावळ्याचा रंग का निघतो?

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याचा रंग नाताळपर्यंत का निघतो? प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी शोषतं, त्यामुळे थेट लावलेला रंग नीट धरत नाही.

म्हणून आधी पोपडे पॉलिश पेपरने काढा, धूळ पुसा, प्रायमर द्या. मग अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. आधी चेहरा, मग अंगरखा, पागोटं, शेवटी ढाल-तलवार. डोळे टूथपिकच्या टोकाने.

प्रत्येक हात वाळायला अर्धा तास द्या. मी सध्या सुट्टीत वाशिमला घरी आहे. शेताच्या वाटणीवरून बाबा आणि काका बोलत नाहीत. पण मावळा काकांच्या पोराचा. रंग वाळेपर्यंत तो आमच्याच ओसरीवर बसतो. काकू त्याला न्यायला येते, आई तिलाही चहा देते. म्हणून मी घाई करत नाही.

सगळं वाळलं की वरून मॅट वार्निशचा एक हात द्या. रंग जास्त टिकतो.