बेसबॉलच्या मैदानातून कॉलेजच्या दारापर्यंत

भाऊ, बहीण किंवा लेक अमेरिकेत स्थायिक झाली आहे अशी घरे आता आपल्या मोहल्ल्यांतही आहेत. त्यांची मुले तिकडच्या शाळांत शिकतात आणि तिकडचेच खेळ खेळतात. सुट्टीत गावी आली की क्रिकेटच्या बॅटऐवजी चामड्याचा जाड हातमोजा घेऊन येतात. आम्ही शिक्षक असल्यामुळे त्यांच्या आईवडिलांचा एक प्रश्न आमच्यापर्यंत हमखास येतो : "मुलगा बेसबॉल छान खेळतो. खेळाच्या जोरावर कॉलेजची फी सुटेल का?"

एका शब्दात उत्तर देता येणार नाही. खेळाच्या जोरावर कॉलेजचे दार उघडते, हे खरे. पण ते दार केवळ हाताच्या ताकदीने उघडत नाही. वहीतले गुण, स्वतःची खरी ओळख आणि घरच्यांचा सबुरीचा स्वभाव ही तिन्ही बरोबर लागतात.

शंभरातले सात

अमेरिकेत नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल. तिथे बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण सात जण पुढे राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, संघांत पोहोचतात. या संघटनेचे तीन विभाग आहेत. सर्वांत वरच्या, पहिल्या विभागात पोहोचणारे शंभरात दोनच्या आसपास. टीव्हीवर दिसतात ते हेच, म्हणून प्रत्येक घराला तेवढाच रस्ता दिसतो.

पण दुसरा आणि तिसरा विभाग आहे. एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिच्यात बहुतेक लहान कॉलेजे आहेत. शिवाय ज्युनिअर कॉलेजे आहेत. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी; तिकडे ते बारावीनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज असते. फी कमी, खेळायची संधी जास्त, आणि दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता येते. उशिरा अंगाने भरणाऱ्या मुलासाठी ही वाट कमीपणाची नाही.

मुलगा कुठल्या पायरीचा आहे, हे घरच्यांनी ठरवू नये. आईला आपले लेकरू नेहमीच सरस दिसते. शाळेच्या कोचला, आणि जमल्यास मुलाशी ओळख नसलेल्या दुसऱ्या एखाद्या कोचला, स्पष्ट विचारावे. या खेळात मोजमाप उघडे असते. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा वेग यंत्रावर दिसतो, साठ यार्डांची धाव घड्याळावर दिसते. त्या आकड्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

गुणपत्रिका नववीपासूनची

ही बाब पालक सर्वांत उशिरा ऐकतात. पहिल्या विभागात खेळायचे तर हायस्कूलमध्ये ठरावीक 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात : चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, दोन वर्षे विज्ञान, दोन वर्षे सामाजिक शास्त्रे, आणि उरलेले ठरवून दिलेल्या विषयांतले. त्यांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी, दुसऱ्या विभागासाठी 2.2.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या विभागासाठी या 16 पैकी 10 अभ्यासक्रम बारावी सुरू होण्याआधीच पूर्ण व्हावे लागतात, आणि त्यांतले सात इंग्रजी, गणित व विज्ञानाचेच असावे लागतात. या दहांचे गुण मग कायम होतात; बारावीत तोच विषय पुन्हा घेऊन ते वाढवता येत नाहीत. म्हणजे नववीत गणितात केलेली हयगय बारावीत मैदानावर उभी राहते. "खेळाकडे लक्ष दे, अभ्यास नंतर बघू" असे सांगणारा माणूस मुलाचा खेळच बुडवत असतो.

शिष्यवृत्तीचे खरे गणित

पूर्ण शिष्यवृत्ती म्हटले की डोळ्यांपुढे सगळी फी माफ झालेली दिसते. बेसबॉलमध्ये असे क्वचितच घडले. पहिल्या विभागातील कॉलेजला वर्षानुवर्षे फक्त 11.7 शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या दोन डझनांहून अधिक खेळाडूंत वाटल्या जात. कुणाला पाव वाटा, कुणाला अर्धा. 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरची ही मर्यादा उठली, पण त्याच वेळी त्यांच्या संघात 34 च खेळाडू असतील असे ठरले. पैशाची मुभा वाढली, जागा मात्र घटल्या. त्यात आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जातात, त्यामुळे कोच अठरा वर्षांच्या नवख्यापेक्षा एकवीस वर्षांच्या तयार गड्याकडे आधी बघतो.

तिसऱ्या विभागात तर खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांतही नसते. तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून, आणि तिसऱ्या विभागातील अनेक कॉलेजांत गुण पाहूनही. म्हणून कित्येक घरांत मुलाच्या हातापेक्षा त्याची गुणपत्रिकाच जास्त डॉलर वाचवते.

पत्र मुलानेच लिहावे

पहिल्या विभागातील बेसबॉल कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या 1 ऑगस्टपर्यंत मुलाशी स्वतःहून भरतीची बोलणी करू शकत नाही. मुलाने मात्र आधी पत्र पाठवायला हरकत नाही. हा ईमेल मुलानेच लिहावा. अब्बांनी लिहिलेला मजकूर कोच लगेच ओळखतो, आणि जो मुलगा चार ओळी लिहू शकत नाही तो घरापासून दूर कसा राहील, अशी शंका घेतो.

पत्र लहान असावे. नाव, शाळा, इयत्ता, खेळण्याची जागा, उंची-वजन, मोजलेला वेग, गुणांची सरासरी, शाळेच्या कोचचा फोन नंबर, पुढच्या सामन्यांच्या तारखा आणि दोन-तीन मिनिटांचा साधा व्हिडिओ. तेच कॉलेज का हवे, हे एका वाक्यात लिहावे, आणि ते खरे असावे. शाळेच्या कोचनेही मुलाबद्दल जेवढे खरे तेवढेच बोलावे. त्याने एकदा वाढवून सांगितले, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलासाठी केलेला त्याचा फोन कोणी मनावर घेत नाही.

तोंडी शब्दाने दोन्ही बाजूंपैकी कोणीच बांधले जात नाही. आर्थिक मदतीचे कागद लेखी हातात येईपर्यंत मिठाई वाटू नये.

खिसा सांभाळा

मुलाच्या स्वप्नाभोवती मोठा बाजार उभा आहे. शनिवार-रविवारचे दौरे, हॉटेले, पैसे भरून कोचसमोर खेळून दाखवायचे मेळावे, ज्यांना तिकडे शोकेस म्हणतात. ते सगळेच फसवे नसतात. पण कॉलेजच्या शिबिराचे निमंत्रण आले म्हणजे कोचला मुलगा हवा आहे, असे समजू नये. अशी पत्रे एका वेळी शेकडो जातात. कोचने मुलाचे नाव घेऊन फोन केला, त्याचा सामना पाहायला माणूस पाठवला, तर ती खरी खूण.

मध्यस्थांबाबत एक नियम पाठ करावा. मुलाची माहिती कॉलेजांना पाठवण्यासाठी ठरावीक फी घेता येते. पण "शिष्यवृत्ती मिळाली तर त्यातला हिस्सा द्या" असा सौदा केला, तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते.

हात ही अमानत आहे

मेळाव्यात वेग दाखवायच्या नादात कोवळ्या हातांची नासाडी होते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल आणि तिथली राष्ट्रीय संस्था यांनी मिळून मर्यादा घालून दिल्या आहेत : 15-16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95 हून अधिक चेंडू टाकू नयेत, 17-18 वर्षांच्याने 105 हून अधिक. वर्षातले किमान चार महिने चेंडू टाकणे बंद ठेवावे.

कुमार रॉकरची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. त्याची आई भारतीय वंशाची. 2018 मध्ये जॉर्जिया राज्यातील हायस्कूल संपताना एका व्यावसायिक संघाने त्याला 38 व्या फेरीत निवडले, पण त्याने व्हँडरबिल्ट विद्यापीठ पत्करले. 2019 मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्याने 19 जणांना स्ट्राइकआउट करून प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिला नाही. 2021 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, आणि वैद्यकीय तपासणीनंतर करार झालाच नाही. पुढच्या वर्षी टेक्सस रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. 2023 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. 2024 मध्ये तो मुख्य संघात खेळला. एवढ्या गुणी मुलाचा हातही वाटेत थांबला. मग इतरांनी एका हातावर किती भिस्त ठेवावी?

हो म्हणण्यापूर्वी

कॉलेज बघायला गेल्यावर घरच्यांनी मैदान आणि गणवेशच पाहू नयेत. माझ्या मुलाच्या जागी आणखी किती खेळाडू आहेत? दुखापत झाली तर मदत चालू राहते का? किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात? हे विचारावे. आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट बोलून घ्यावी. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि सध्या रमजानही त्याच सुमारास येतो. रोजा, जुम्मा, खानावळीत हलाल जेवण यांबद्दल मुलाने कोचशी आधीच मोकळेपणे बोलावे. कोचच्या उत्तरावरून पुढची चार वर्षे कशी जातील याचा अंदाज येतो.

शेवटी तिकडचे जाणते कोच विचारतात तोच प्रश्न मुलाला विचारावा : उद्या हात दुखावला आणि खेळ सुटला, तरी तुला याच कॉलेजात शिकायला आवडेल का? उत्तर मनापासून "हो" आले तर बिनधास्त पाठवा. मुलगा अडखळला तर थांबा, आणि दुसऱ्या कॉलेजांची यादी पुन्हा उघडा.