बावन्न आठवड्यांची हजेरी

शिक्षा म्हटली की डोळ्यांपुढे दंड किंवा तुरुंग उभा राहतो. परंतु न्यायाधीशाने अपराध्यास ‘वर्षभर दर आठवड्यास वर्गात जाऊन बसा’ असे फर्माविले तर? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असेच घडते.

दारू पिऊन मोटार हाकणारा तेथे पहिल्यांदा दोषी ठरला, तर सामान्यतः त्याला तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. दुसऱ्यांदा सापडला, तर १८ महिन्यांचा. घरात हात उगारणाऱ्याचे प्रकरण याहून अवघड. पत्नीस मारहाण करणाऱ्यास न्यायालयाने परिवीक्षेवर, म्हणजे अटी घालून देखरेखीखाली ठेवले, तर ती मुदत किमान ३६ महिन्यांची असते. तीतच ५२ आठवड्यांचा वर्ग येतो. आठवड्यास किमान दोन तास. सबळ कारण असले तरी तीनच गैरहजेऱ्या माफ, आणि सारा अभ्यासक्रम १८ महिन्यांच्या आत संपविला पाहिजे. इतकी कडक हजेरी शाळेतल्या पोरांनाही नसते! फी अपराध्यानेच द्यावयाची; मात्र ती त्याची ऐपत पाहून ठरते. नशा करून आलेल्यास वर्गात स्थान नाही.

तेथे शिकवितात तरी काय? ‘राग आवरा’ एवढाच उपदेश करून भागत नाही. हाच मनुष्य कचेरीत साहेबावर हात उगारीत नाही. तेथे त्याचा राग बरा आवरतो! तेव्हा प्रश्न रागाचा कमी आणि सत्तेचा अधिक. म्हणून स्त्रीपुरुषांच्या भूमिका, घरात चालणारी सत्ता व धाक, हिंसेचे स्वरूप आणि मुलांवर होणारा तिचा परिणाम हे विषय कायद्यानेच नेमून दिले आहेत.

येथे कोणी विचारील, दोघांना समोरासमोर बसवून समजूत का घालू नये? आपल्याकडील वडीलधारी मंडळी तेच करीत आली. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मात्र या वर्गांतून दांपत्याचे एकत्र समुपदेशन स्पष्टपणे वगळले आहे. जिने मार खाल्ला, ती मारणाऱ्याच्या शेजारी बसून मोकळेपणाने काय बोलणार? येथे निघालेल्या शब्दाचा हिशेब घरी द्यावा लागेल, हे तिला पुरते ठाऊक असते. शिवाय दोघे एकत्र बसले की दोषाची वाटणी सुरू होते. त्याने मारले खरे, पण तिनेही उलट बोलावयास नको होते!

भारतातील २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमान्वये दंडाधिकारी तक्रारदार स्त्री व प्रतिवादी यांना एकेकटे किंवा एकत्रही समुपदेशकाकडे पाठवू शकतो. ही शिक्षा नव्हे; गुन्हा शाबीत होण्याची वाटही तीसाठी पाहावी लागत नाही. पण या कायद्याखालील नियमांत एक मोलाची गोष्ट आहे. प्रतिवादीने पुन्हा तसे वर्तन न करण्याची हमी समुपदेशकास द्यावयाची, आणि केलेल्या हिंसेचे समर्थन त्याला मांडू द्यावयाचे नाही. म्हणजे ‘तिनेही’ या शब्दाला तेथे दार बंद. वर्षभराच्या वर्गाची सक्ती मात्र या कायद्यात नाही. मद्यपी चालकासाठी मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम आहे. ते कैद आणि दंड सांगते.

मग वर्ग पुरा केला की मनुष्य सुधारला असे समजावे काय? कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२२ साली तपासलेल्या प्रकरणांत जवळजवळ निम्म्या अपराध्यांनी वर्ग पुराच केला नव्हता, आणि त्याबद्दल पुष्कळांना कोणी जाबही विचारला नव्हता. कायदा करणाऱ्यांनाही वर्गाची मर्यादा ठाऊक असावी. पती वर्गात दाखल झाला की पत्नीला त्या वर्गाचे नियम आणि तिला मिळू शकणारी मदत कळवावी लागते. त्याबरोबरच, तो वर्गास जातो म्हणून पुन्हा हात उगारणार नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, हेही तिला सांगणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.