एका माणसाला मैदानं किती?

आज एक वाटणी करू या. पुणे जिल्ह्यातली सगळी जमीन इथल्या सगळ्या माणसांना सारखी वाटून टाकायची. डोंगर, शेतं, रस्ते आणि आपला विश्रांतवाडीचा गजबजलेला चौकसुद्धा! प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? फुटबॉलच्या मैदानाचा जेमतेम पाव भाग. मुंबई उपनगर जिल्ह्यात तर एकच मैदान दीडशे जणांना वाटून घ्यावं लागेल.

आता गडचिरोलीला चला. हा जिल्हा आकाराने जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढाच, १४,४१२ चौरस किलोमीटर. पण २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं मोजली गेली, तर गडचिरोलीत पावणेअकरा लाखांच्या आसपास. तिथे एकेकाला जवळपास दोन अख्खी मैदानं!

दोन मैदानं खूप वाटली? मग अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एकेकाला साधारण साठ मिळतात! हे राज्य महाराष्ट्रापेक्षा थोडंसंच लहान, पण लोकवस्ती गडचिरोलीच्या निम्मी.

इतकी कमी का बरं? वायोमिंगमध्ये उंच पर्वत, कोरडी माळरानं आणि लांबलचक, कडाक्याचा हिवाळा. गडचिरोलीतही माणसं विरळच, पण कारणं नेमकी उलटी! भरपूर पाऊस, मोठमोठ्या नद्या आणि जिल्ह्याच्या पाऊण भागावर जंगल. तिथल्या पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो.

आता खरा प्रश्न. माणसं अशी दूरदूर विखुरलेली असली, तर कॉलेजं आणि दवाखाने कुठे काढायचे?

वायोमिंगने १८८६ मध्ये लॅरमी गावी विद्यापीठ काढलं. गंमत म्हणजे, वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाला १८९० मध्ये. म्हणजे आधी विद्यापीठ, मग राज्य! गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये आणि तिथलं गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं २०११ मध्ये. तोवर इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती.

आणि दवाखाना? भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहून रुग्णांवर उपचार करू लागले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्याच ‘सर्च’ संस्थेने आणखी एक युक्ती काढली. दवाखाना लांब आहे ना? मग गावातल्याच बायकांना शिकवायचं! नवजात बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, न्यूमोनिया ओळखून औषध द्यायचं. घरोघरी फिरणाऱ्या या आरोग्यदूतांमुळे बाळांचे मृत्यू खूप कमी झाले.

पुढे २०११ मध्ये सरकारने हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, कामात आणली. तेव्हा एखादी आशाताई बाळाला तपासायला येताना दिसली, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि ती बाळाला नेमकं कसं तपासते, तेही विचारून घ्या!