‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे नक्की किती? : जोशी-अभ्यंकर प्रकरण संशोधकाच्या नजरेतून



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे, पण कामाचा आहे. पीएच.डी.ची तयारी करताना एक सवय लवकर लावून घ्यावी लागते. कुठलंही विधान वाचलं की ‘हे कुठून आलं?’ असं विचारायचं. या सवयीच्या सरावासाठी सिनेमाच्या सुरुवातीची ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी फार चांगली. ती एक दावा करते, आणि दावा म्हटला की तो तपासता येतो.

आधी जगातलं प्रसिद्ध उदाहरण बघू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, प्लेनफिल्ड गावात १९५७ साली एड गीन पकडला गेला. त्याने दोन खुनांची कबुली दिली. कबरीही उकरल्या होत्या. रॉबर्ट ब्लॉकची ‘सायको’ कादंबरी १९५९ ची आणि हिचकॉकचा सिनेमा १९६० चा. पुढे १९७४ च्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’लाही याच गीनचा आधार सांगितला जातो. पण गीन टेक्सासचा नव्हता आणि त्याने चेनसॉने कुणाला मारलं नव्हतं. म्हणजे घटनेतून फक्त काही धागे आले, बाकी कथा रचलेली.

आता आपल्याकडे येऊ.

घटना काय होती?

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. आरोपी होते राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनावर शाह. चौघेही टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला एक तरुण. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकरांच्या घरातले पाच जण, आणि २३ मार्च १९७७ ला आणखी एक तरुण. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. ती वरच्या न्यायालयांत कायम राहिली आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात अंमलात आली.

या प्रकरणावरून १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ आला, त्यात नाना पाटेकर. पुढे अनुराग कश्यपच्या ‘पाँच’मागेही हेच प्रकरण असल्याचं सांगतात; त्यावर सेन्सॉरचे आक्षेप होते, आणि तो थिएटरपर्यंत पोचलाच नाही.

सिनेमाच्या साच्यात काय बसत नाही?

स्लॅशर सिनेमाचा साचा तुम्हाला माहीत आहे : एकटा, बहुधा मुखवटा घातलेला, विकृत खुनी आणि हातात धारदार हत्यार. इथे मारणारे चार, एकत्र शिकणारे. घरात शिरायचं ते लुटीसाठी. खून बहुतेक दोरीने गळा आवळून. भीती वाटण्याचं कारणही वेगळं. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिणारी पोरं कुणाला ओळखू येणार? ‘पाँच’ने साचा बदलला आणि खुनी एक न ठेवता मित्रांची टोळी ठेवली. पण त्या टोळीचा रॉक बँड केला. ‘आधारित’ या एका शब्दात एवढं अंतर मावतं.

‘माफीचा साक्षीदार’ हीच एक संशोधन पद्धत

मला या सिनेमाचं नावच सगळ्यात उपयोगाचं वाटतं. खटल्यात पहिल्या गुन्ह्याची माहिती असलेला त्यांचाच एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला. अशा माणसाला आतली माहिती असते, पण स्वतःची मान सोडवण्यात त्याचा स्वार्थही असतो. मग त्याचं किती ऐकायचं? त्या वेळच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन कलमं होती. कलम १३३ म्हणतं, साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षा केवळ तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही. कलम ११४ मधलं उदाहरण म्हणतं, महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळेपर्यंत साथीदार विश्वासपात्र नाही असं न्यायालय मानू शकतं. दोन्ही मिळून व्यवहारातला नियम असा : ऐका, पण स्वतंत्र दुजोरा शोधा.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूला हाच नियम लावा. औषध कंपनीच्या पैशातून झालेल्या औषधाच्या चाचणीचा पेपर फेकून द्यायचा नसतो. तिथे आतली माहिती असते. पण त्या कंपनीशी संबंध नसलेल्या गटाचा निष्कर्ष तसाच आलाय का, हे बघायचं. आणि दहा पेपर एकाच मूळ पेपरचा हवाला देत असतील, तर तो दुजोरा दहा वेळा मिळालेला नसतो. साक्षीदार एकच, फक्त दहा वेळा बोलला.

आमचं निडी घाटाच्या खाली, रोह्याच्या बाजूला. ‘तेव्हा पुण्यात संध्याकाळ झाली की दारं बंद व्हायची’ ही आठवण इकडेही ऐकायला मिळते. ती टाकाऊ नाही. लोकांच्या भीतीचा तो पुरावा आहे, गुन्ह्याच्या तपशिलाचा नाही. कुठला स्रोत कशाचा पुरावा आहे, हे वेगळं लिहायला शिका.

लेबल काय लपवतं?

आता नावाकडे बघा. ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’. गीनचं प्रकरण खुन्याच्या नावाने ओळखलं जातं, आपलं बळींच्या नावाने. हे चांगलंच. पण मोजून बघा. बळी दहा. पहिला आणि शेवटचा तरुण या नावात नाही. अभ्यंकरांच्या घरी मारली गेलेली पाचवी व्यक्ती घरकाम करणारी बाई होती, तीही नाही. म्हणजे दहांपैकी तीन माणसं लेबलातूनच गळाली, आणि सिनेमाचं नाव तर साक्षीदाराकडे गेलं. हे कुणी मुद्दाम केलं असं नाही. सोयीसाठी लहान नाव पडतं आणि पुढचे सगळे तेच वापरतात. आपल्या डेटासेटमध्येही असंच होतं. ‘इतर’ या रकान्यात कोण कोण आहे, ते आपण उघडून बघत नाही.

सराव म्हणून एक करा. ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणणारा कुठलाही सिनेमा घ्या, कागदावर तीन रकाने आखा : न्यायालयाने काय मान्य केलं, लोक काय सांगतात, पडद्यावर काय आलं. मग चौथा रकाना आखा : यातून कोण गळालं? तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.