कुठल्या बाईचा अभ्यास?

देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४च्या अखेरीस केंद्र सरकारला सादर झाला. समितीच्या अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. त्यातला एक आकडा आजही झोप उडवतो. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३०. देश स्वतंत्र झाला, राज्यघटनेनं समान हक्क दिले, मुली कॉलेजात गेल्या आणि तरीही बायकांचं प्रमाण घटतच राहिलं. समितीतल्या उच्चशिक्षित बायकांनाही हे चित्र हादरवणारं होतं. मग इतकी वर्षं आपली विद्यापीठं शिकवत होती तरी काय?

त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकारानं स्त्री-अभ्यासाचं देशातलं पहिलं केंद्र सुरू झालं. १९८१ची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं अशा केंद्रांसाठी योजना आणली आणि १९८७ साली पुणे विद्यापीठातही केंद्र उभं राहिलं. तिथे आधी विद्युत भागवत आणि पुढे शर्मिला रेगे यांनी या विषयाला जे वळण दिलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण तोवर ‘स्त्री’ म्हटलं की डोळ्यांसमोर यायची ती बहुधा पांढरपेशा घरातली. बाकीच्या बायका अभ्यासक्रमात आल्याच तर तळटीपेत. मराठीत मात्र दलित बायका केव्हाच बोलू लागल्या होत्या. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आलं. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांनी आपलं जगणं लिहून काढलं. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून बोलतं केलं. विद्यापीठाबाहेर राहून केलेलं हे काम कुठल्याही प्रबंधाच्या तोडीचं आहे. रेगे यांनी २००६च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अशी आठ आत्मकथनं मांडली आणि ती निव्वळ दुःखाच्या कहाण्या म्हणून न वाचता समाजाविषयीचं ज्ञान म्हणून वाचा, असा आग्रह धरला.

या परंपरेचं टोक १८५५पर्यंत मागे जातं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बाईचे हाल त्यात आहेत. एकाच वाक्यात जात, दारिद्र्य आणि बाईचं शरीर. आजच्या संशोधकांना हे तिन्ही धागे एकत्र ओवायला जाडजूड सिद्धान्त लागतात. ताराबाई शिंदे यांचं १८८२चं ‘स्त्रीपुरुष तुलना’ तर जवळजवळ विसरलंच गेलं होतं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणलं.

या विषयाच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं तो एका हिशेबाला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीविषयी निबंध वाचला, त्यातला हा हिशेब. जातीबाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं की जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारखे हवेत. पण नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. नवरा गेला की बायको ‘जास्तीची’ ठरते. ती बाहेर लग्न करील तर जातीची वेस मोडेल, आत करील तर दुसऱ्या मुलीचा वर घेईल. म्हणून तिला जाळायचं, नाहीतर सक्तीचं वैधव्य लादायचं. पुरुषाला कोण जाळणार? त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. सती, वैधव्य आणि बालविवाह हे तिन्ही जात टिकवण्याचे उपाय ठरतात. फळ्यावर चार रेघा ओढून हे मांडलं की ‘जात वेगळी, स्त्रीप्रश्न वेगळा’ असं म्हणायला जागाच उरत नाही. रेगे यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांचं हे आणि असं लेखन स्त्रीवादी विचार म्हणूनच वाचकांपुढे ठेवलं. त्याच वर्षी जुलैत त्या गेल्या.

मग रविवारच्या पेपरातलं वधू-वर सूचकाचं पान वर्गात पसरावं. ‘आंतरजातीय चालेल’ आणि लगेच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’. हे छापणारी माणसं शिकलेली, पगारदार असतात. विद्यार्थ्यांना इथे परक्या देशातला सिद्धान्त लागत नाही, आपल्या आत्याचं, मावशीचं लग्न कसं जुळलं एवढं आठवलं तरी पुरतं.

पण वाचायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न उरतोच. गावाकडून मराठी माध्यमातून आलेली मुलगी एमएच्या वर्गात गप्प बसते, तेव्हा तिला काही कळत नाही असं समजणारे प्राध्यापक कमी नाहीत. रेगे यांनी २०१०च्या एका लेखात ही उणीव विद्यार्थ्यांच्या माथी मारायला ठाम नकार दिला. लेखाच्या शीर्षकात त्यांनी जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ या शिक्षणाविषयीच्या नाटकाचं नाव घेतलं, ते उगाच नव्हे. माझंही स्पष्ट मत आहे की या विषयाची पाठ्यपुस्तकं आधी मराठीत लिहिली जावीत, भाषांतरं मागाहून करावीत.

ते करणार कोण? आयोगाचा पैसा पंचवार्षिक योजनेच्या हिशेबानं यायचा. बारावी योजना मार्च २०१७मध्ये संपली आणि देशभरातल्या केंद्रांपुढे पगार कशातून द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. पुस्तक लिहायला चार-पाच वर्षं एका जागी बसावं लागतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना पुढच्या जूनमध्ये आपण याच वर्गात असू की नाही, हेही ठाऊक नसतं.