२० कार्यक्रम, १४५ गावे

पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतकऱ्यांसाठी २० कार्यक्रमांची एक मालिका प्रसारित केली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येक वेळी अर्धा तास. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत १४५ गावांमध्ये ती ऐकण्यासाठी मुद्दाम मंडळे उभारली होती. युनेस्कोच्या मदतीने झालेला हा प्रयोग ‘पूना फार्म रेडिओ फोरम’ या नावाने जगभरच्या माध्यम-अभ्यासकांना माहीत आहे. मराठी नभोवाणीच्या आठवणी निघतात तेव्हा ‘आपली आवड’, ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’ यांची नावे हमखास येतात; या मंडळांचे नाव क्वचितच येते. वास्तविक कार्यक्रम कसा बेतावा, त्याला श्रोता कसा मिळतो आणि मिळालेल्या श्रोत्यात काय फरक पडतो, हे तिन्ही प्रश्न या मराठी मालिकेने एकदम हाती घेतले होते.

मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’ हा कार्यक्रम देशभर होऊ लागला. सरकारी नभोवाणी, प्रौढशिक्षण संघटना आणि शेतकऱ्यांचा महासंघ असे तिघे तो मिळून चालवत. सोमवारी संध्याकाळी शेजारपाजारची कुटुंबे एकाच्या घरी जमत. विषयाची पुस्तिका आधीच टपालाने आलेली असे. प्रसारण संपले की चर्चा होई आणि प्रश्नपत्रिकेवर मंडळाचे मत लिहून पाठवले जाई. पुढच्या प्रसारणाच्या शेवटी त्या मतांचा गोषवारा सांगत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या कार्यक्रमाचे चार शब्दांचे सूत्र होते. १९४९ च्या सुमारास, भराच्या काळात, अशी सुमारे १,६०० मंडळे होती. युनेस्कोने १९५४ साली या उपक्रमावर ग्रंथ काढला आणि ही पद्धत इतर देशांत रुजेल का, याची चाचपणी सुरू झाली.

भारतात ती रुजवण्यात दोन उघड अडचणी होत्या. कॅनडातला शेतकरी पुस्तिका वाचू शकत होता. इथल्या खेड्यांत निरक्षरांचीच संख्या मोठी होती. दुसरे, कॅनडात घरोघरी रेडिओ होता. १९५५ च्या सुमारास सगळ्या भारतात रेडिओचे परवाने जेमतेम १० लाखांच्या घरात होते आणि त्यांतले बहुतेक शहरांत. खेड्यात रेडिओ म्हणजे सरकारी योजनेतून आलेला, चावडीत किंवा शाळेत ठेवलेला, बॅटरीवर चालणारा सार्वजनिक संच. बॅटरी उतरली की गाव मुके. संच चालू असला तरी त्याच्यासमोर कोण बसते, किती वेळ बसते आणि ऐकलेल्यातले काय घेऊन घरी जाते, याचा केंद्राला पत्ता नसे.

या अडचणींतून वाट काढणारे दोघेजण परस्परांहून अगदी वेगळे होते. जगदीशचंद्र माथुर हे आयसीएस अधिकारी आणि त्या वेळचे आकाशवाणीचे महासंचालक. हिंदी वाचक त्यांना ‘कोणार्क’ या नाटकाचे लेखक म्हणून ओळखतात. समोर प्रेक्षक असला तरच नाटकाला अर्थ, हे जाणणारा माणूस नभोवाणीच्या शिखरावर बसला होता, ही या प्रयोगाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट. दुसरे पॉल नॉयराथ. त्यांची ओळख थोडी विस्ताराने करून द्यायला हवी.

नॉयराथ यांचा जन्म १९११ साली व्हिएन्नात झाला. चित्रचिन्हांतून आकडेवारी सामान्य माणसापर्यंत नेणारे तत्त्वज्ञ ओटो नॉयराथ हे त्यांचे वडील. पॉल कायद्याचे पदवीधर. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना अटक झाली आणि डाखाऊ व बूखेनवाल्ड या छळछावण्यांत त्यांना राहावे लागले. १९३९ साली सुटका झाल्यावर स्वीडनमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला तो छळछावणीतल्या समाजजीवनावर: तिथली उतरंड कशी ठरते, कोण कोणाशी बोलतो, कोणाचा शब्द चालतो. हा प्रबंध ग्रंथरूपाने आला २००५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी. कोलंबियातच रेडिओच्या श्रोत्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणारे, मूळचे व्हिएन्नाचेच पॉल लाझार्सफेल्ड शिकवत होते. नॉयराथ त्यांच्या परंपरेतले. १९५५ नंतर ते फुलब्राइट योजनेतून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आले. पुण्याच्या प्रयोगाचे मूल्यमापन याच संस्थेकडे होते आणि त्याची धुरा नॉयराथ यांच्याकडे आली.

मंडळांची रचना साधी होती. प्रत्येक गावात १२ ते २० सभासद, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रक पुष्कळदा शाळामास्तर असे, कारण चर्चेचा अहवाल लिहून पुण्याला पाठवायचा होता. दर जिल्ह्याला एक संघटक नेमलेला होता. मंडळे जमवणे आणि त्यांची विचारपूस करत फिरणे हे त्याचे काम. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय होते. भाषणापेक्षा संवादावर आणि नाट्यरूपावर भर होता. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की मंडळांकडून आलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे दिली जात. आपण विचारलेली शंका रेडिओवरून साऱ्या जिल्ह्याला ऐकू गेली, की पुढच्या बैठकीला न बोलावता माणसे येणारच.

नॉयराथ यांनी मोजणीची जी पद्धत योजली, तिच्यात या संशोधनाचे खरे मोल आहे. केवळ मंडळे असलेल्या गावांची पाहणी केली असती, तर माणसे कार्यक्रमामुळे शहाणी झाली की एरवीही झाली असती, हे सांगता आले नसते. म्हणून त्यांनी तीन प्रकारची गावे निवडली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नसलेली. मालिकेपूर्वी आणि मालिकेनंतर, दोन्ही वेळा मुलाखती घेऊन मालिकेतल्या विषयांवर प्रश्न विचारले आणि उत्तरांना गुण दिले. शिवाय निरीक्षक प्रत्यक्ष बैठकांना जाऊन बसले.

निष्कर्ष निःसंदिग्ध होता. मंडळे असलेल्या गावांत माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी थोडी वाढली, इतकी थोडी की रेडिओ नसलेल्या गावांपेक्षा त्यांचे फारसे पुढे पाऊल पडले नव्हते. तीच मालिका, तेच आवाज, तीच वेळ. फरक होता तो ऐकल्यावर गोलाकार बसून बोलण्याचा आणि ते बोलणे पुण्याला कळवण्याचा. ध्वनिक्षेपणाची शक्ती वाढवली आणि गावोगाव संच वाटले की काम झाले, असे मानणाऱ्या धोरणाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

नॉयराथ यांना याहून मोलाची वाटलेली गोष्ट गुणांच्या तक्त्यात मावणारी नव्हती. जात, वय आणि जमीन यांच्या मानाने ज्या गावात कोणी कधी बोलावे हे ठरलेले असते, तिथे माणसे मोकळेपणी चर्चा करतील का, ही शंका सुरुवातीला होती. चर्चा झाली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली झाली. मंडळे हळूहळू निर्णय घेऊ लागली. कुठे विहीर खोदायचे ठरले, कुठे जातिवंत वळू आणायचे, कुठे लेगहॉर्न कोंबड्या पाळायचे, कुठे बालवाडी काढायचे. ग्रामपंचायत आणि गावसभा यांच्या मधले काहीतरी स्थान या मंडळांना मिळू लागले आणि निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा ती कित्येकदा चपळ ठरली, असे नॉयराथ यांनी नोंदवले. छळछावणीत बोलण्यावरची दहशत अभ्यासलेल्या या माणसाला मराठी खेड्यातल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचे मोल अधिक नेमके दिसले असावे.

प्रयोगाच्या मर्यादाही होत्या. दहा आठवडे हा काळ लहान. नवेपणाचा उत्साह तेवढा टिकतोच. शिवाय संघटकांचे जेवढे लक्ष या गावांना मिळाले, तेवढे सरकारी योजनेत मिळणे अवघड. माथुर आणि नॉयराथ यांचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली पॅरिसहून प्रकाशित केला आणि त्याच वर्षी मंडळांची योजना देशभर लागू झाली. मंडळांची संख्या हजारांत गेली. परिणाम त्या प्रमाणात वाढला नाही. कार्यक्रम आकाशवाणीचा, मंडळे राज्यांच्या विकास खात्याची, आणि दोघांचा मेळ बसेना. बिघडलेले संच पडून राहिले आणि अहवालांचा ओघ आटला. योजनेतला रेडिओ सगळीकडे पोहोचला, पण संघटक, अहवाल आणि उत्तर ही साखळी मागे राहिली. पुण्याच्या आकड्यांनी नेमकी हीच साखळी निर्णायक असल्याचे दाखवले होते.

त्याच दशकात श्रोत्यांचा दुसरा, अधिक गाजलेला प्रश्न चालू होता. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानींच्या आवाजाची जादू खरीच, तरी त्या कार्यक्रमाचा पाया श्रोत्यांच्या पत्रांवर आणि गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांच्या पसंतीवर उभा होता. पत्र पाठवले की गाण्याची पायरी बदलू शकते, हे श्रोत्याला ठाऊक होते. आकाशवाणीने १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून माघार घेतली. विहीर खोदणारे मंडळ आणि गाण्यांची क्रमवारी लावणारा संघ यांचे हेतू भिन्न, पण दोन्हीकडे श्रोता टिकला तो त्याच्या टपालाची दखल घेतली गेली म्हणून.

पुढची वाट ठाऊक आहे. दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा युनेस्कोच्याच मदतीने टेलिक्लब निघाले. १९६४-६५ मध्ये घानाने पुण्याच्या धर्तीवर मंडळे चालवली. हरितक्रांतीच्या काळात आकाशवाणी केंद्रांवर शेतीचे स्वतंत्र विभाग आले. तंजावरकडच्या शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भाताला ‘रेडिओ भात’ म्हणावे, इतका त्यांचा प्रभाव पडला. मराठीत ‘माझं घर माझं शेत’ आणि पुढे मुंबई दूरदर्शनवरचे ‘आमची माती आमची माणसं’ यांनी ती परंपरा चालवली. मात्र ट्रान्झिस्टर आला आणि चावडीवरचे ऐकणे घराघरांत, मग एकेकट्याच्या खिशात गेले. मंडळाची गरज संपली असे मानले गेले.

१९८४-८५ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ मालिकेच्या १५६ भागांनी पुन्हा तोच धडा दिला. मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांवरून सुचलेला हा कार्यक्रम सुरुवातीला उपदेशाने जड झाला होता. प्रतिसाद पाहून लेखक मनोहर श्याम जोशींनी कथेला वळण दिले. भागाअखेर अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. पत्रांचा पूर आला.

आज प्रेक्षक मोजण्याची यंत्रे नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत बसवलेली आहेत. कोणता कार्यक्रम किती घरांत, किती मिनिटे चालू होता, हे ती सांगतात. पाहून झाल्यावर घरात काय बोलणे झाले आणि कोणी काय ठरवले, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली आणि साताऱ्याच्या दुष्काळी भागात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’सारखे केंद्र उभे राहिले, जिथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच पंचक्रोशीतला असतो. पुण्याच्या १४५ मंडळांचे खरे वारस शोधायचे तर ते अशा ठिकाणी सापडतील. या केंद्रांना परवाना देऊन थांबू नये. गावात फिरणारा संघटक आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा माणूस यांचा खर्च कार्यक्रमाच्या खर्चातच धरला पाहिजे. तो खर्च वगळला तर काय होते, हे १९५९ नंतरच्या योजनेने दाखवून दिले आहे.